हृदय ‘पुन्हा सशक्त’ करण्याचे पॅकेज : सांगलीतील एका स्टेम सेल केंद्राचे परीक्षण

हे परीक्षण सांगली शहरात हृदयविकाराच्या रुग्णांना स्टेम सेल (मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी) उपचार देऊ करणाऱ्या एका खासगी केंद्राच्या सल्लासेवेचे आहे. केंद्राचे नाव मी येथे देणार नाही. अशा सेवा आता मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावी शिबिरे भरवून पोहोचू लागल्या आहेत, त्यामुळे वाचकांनी एखाद्या पाटीपेक्षा ही पद्धत ओळखावी, असे मला वाटते. मी वरिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, डॉक्टर नाही. तरीही केंद्राच्या माहितीपत्रकात ज्या संशोधनाचा आधार दिला होता, त्याचे मूळ शोधनिबंध आणि त्यानंतर झालेले काम वाचून समजून घेणे मला शक्य होते. ते वाचल्यावर जे दिसले ते हृदयविकाराच्या रुग्णांच्या घरच्यांपर्यंत पोहोचावे, या हेतूने हे लिहीत आहे.

रुग्ण म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. तासगाव तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. एका रात्री छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा पित्त झाले असेल असे समजून ते सकाळपर्यंत थांबले, आणि मिरजेला नेऊन अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसेपर्यंत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा भाग रक्ताअभावी निकामी झाला होता. नंतरच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के आले. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. बागेत एक फेरी मारायची तर त्यांना मध्ये बसावे लागे आणि रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नसे. अशा दिवसांत आक्काने वर्तमानपत्राच्या घडीतून आलेले एक पत्रक जपून ठेवले होते. बायपास नको, प्रत्यारोपण नको, स्वतःच्याच पेशींनी हृदय पुन्हा सशक्त करा, असा त्याचा आशय होता.

केंद्राची बाह्य व्यवस्था चांगली आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. फोनवर लगेच वेळ मिळाली, ती पाळली गेली, लिफ्टपासून चाकाची खुर्ची होती आणि जागा स्वच्छ होती. समुपदेशक आपल्या भागातल्याच मराठीत बोलत होते. त्यांनी दाजींच्या सगळ्या फायली पाहिल्या, आक्काचे बोलणे मध्ये न तोडता ऐकले आणि पाऊण तास आमच्यासमोर बसून राहिले. गर्दीच्या ओपीडीत रुग्ण आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर येतो, त्या तुलनेत ही आस्था माणसाला किती धीर देते ते मी प्रत्यक्ष पाहिले. दाजींचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला होता. इतका विश्वास संपादन करणाऱ्या सेवेने त्या विश्वासाच्या मोबदल्यात काय दिले, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

त्यांनी दोन पॅकेजे सांगितली. पहिल्यात कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा (हाडातील मऊ गर) काढून तिच्यातील पेशी त्याच दिवशी वेगळ्या करायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. याचा खर्च साडेतीन लाख रुपये. दुसऱ्यात नवजात बाळाच्या नाळेपासून वाढवलेल्या, म्हणजे परक्या व्यक्तीच्या पेशी सलाइनमधून द्यायच्या. हे त्याहून महाग. परिणाम कमी वाटल्यास काही महिन्यांनी पुन्हा एक डोस, त्याचे पैसे वेगळे. नावनोंदणीची रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नव्हती. हाताच्या शिरेतून दिलेल्या अशा पेशींपैकी बहुतेक पेशी आधी फुप्फुसांतील बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि हृदयापर्यंत फारच थोड्या पोहोचतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मी तसे विचारले, तेव्हा पेशींना दुखापतीची जागा आपोआप कळते, एवढेच उत्तर मिळाले. ज्या उपचाराचा सगळा भार पेशी जागेवर पोहोचण्यावर आहे, त्याच्याविषयी हे उत्तर अपुरे आहे.

परतताना दाजींनी जो प्रश्न विचारला तो मात्र संशोधकांच्याच तोडीचा होता. “छाटणी केली की वेलीचा डोळा फुटतो, मग हृदयाचाच का फुटू नये?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगातील अनेक प्रयोगशाळांची गेली पंचवीस वर्षे गेली आहेत. प्रौढ माणसाच्या हृदयात दोन ते तीन अब्ज स्नायुपेशी असतात आणि एका मोठ्या झटक्यात त्यांतील अब्जभर पेशी काही तासांत मरू शकतात. त्यांच्या जागी व्रण तयार होतो. हा व्रण भिंत फाटू देत नाही, पण तो आकुंचन पावत नाही. त्यामुळे उरलेल्या स्नायूवर ताण येतो, कप्पा हळूहळू फुगत जातो आणि पंपिंग आणखी उतरते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये एक विलक्षण मोजमाप प्रसिद्ध केले. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो अन्नातून माणसांच्या डीएनएत उतरला होता. पेशी बनते त्या वेळच्या हवेतील त्याचे प्रमाण तिच्या डीएनएत कायम राहते; ते तपासून हृदयातील पेशींचे वय त्यांनी काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यावर येते, असे त्यातून दिसले. नूतनीकरण होते, पण झटक्याने झालेली हानी भरून काढायला ते फारच मंद आहे.

निसर्गात मात्र अशी हृदये आहेत जी भरून येतात. आपल्याच उपखंडातील ओढ्यांत आणि भातखाचरांत आढळणाऱ्या झेब्राफिश या बोटाएवढ्या माशाच्या हृदयाच्या मुख्य पंपिंग कप्प्याचा सुमारे पाचवा भाग कापला तरी दोन महिन्यांत तो पुन्हा वाढतो, हे केनेथ पॉस आणि मार्क कीटिंग यांनी २००२ मध्ये दाखवले. उंदराच्या एक दिवसाच्या पिल्लातही ही क्षमता असते आणि आठवडाभरात ती नाहीशी होते, हे अमेरिकेतील डॅलस येथील गटाने २०११ मध्ये सिद्ध केले. सस्तन प्राण्याच्या हृदयात ही शक्ती जन्मतः असते आणि नंतर ती बंद होते, याचा अर्थ ती पुन्हा सुरू करता येईल का, हा प्रश्न पूर्णपणे शास्त्रीय आहे. त्या प्रश्नाविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्याचा उपयोग विक्रीसाठी कसा होतो हे पाहून वाईट वाटले.

केंद्राच्या माहितीपत्रकाच्या दुसऱ्याच पानावर २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाचा उल्लेख ठळक अक्षरांत होता. पिएरो अँव्हर्सा यांच्या गटाने उंदरांच्या हृदयाला इजा करून अस्थिमज्जेतील विशिष्ट पेशी तेथे टोचल्या आणि नऊच दिवसांत इजा झालेल्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने भरला, असा त्यांचा दावा होता. या निबंधाने सगळ्या जगात खळबळ उडाली आणि पाहता पाहता रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. माहितीपत्रक येथे थांबते. खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. २००४ मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये सिएटलचे चार्ल्स मरी यांच्या गटाचा आणि स्टॅनफर्डमधील एका गटाचा, असे दोन स्वतंत्र निबंध आले. त्यांनी पेशींवर जनुकीय खूण ठेवून त्यांचा माग काढला, तेव्हा अस्थिमज्जेच्या पेशी हृदयात टोचल्यावरही रक्ताच्याच पेशी बनत होत्या. हृदयाचा स्नायू त्यांच्यापासून तयार होत नव्हता. दरम्यान अँव्हर्सा बॉस्टनच्या ब्रिगहॅम या हार्वर्डशी संलग्न रुग्णालयात गेले होते आणि प्रौढ हृदयात स्वतःच्याच मूलपेशी असतात असा आणखी मोठा दावा त्यांच्या गटाने केला होता. त्या दाव्यावर उभी राहिलेली एक मानवी चाचणी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापली. पुढे चौकशा झाल्या. ब्रिगहॅम रुग्णालय आणि त्याच्या पालक संस्थेने २०१७ मध्ये, या प्रयोगशाळेने चुकीच्या माहितीच्या आधारे सरकारी अनुदान मिळवल्याच्या आरोपावरून एक कोटी डॉलर भरून तडजोड केली. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम यांनी या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध खोट्या किंवा बनावट माहितीमुळे मागे घेण्याची शिफारस केली आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला. ज्या कामातून स्टेम सेलने हृदय भरते ही समजूत सर्वदूर गेली, त्याची ही स्थिती आहे. ती माहितीपत्रकात नसणे हा माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत गंभीर दोष आहे.

एका प्रयोगशाळेने फसवले म्हणून सगळे काम खोटे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक प्रामाणिक डॉक्टरांनी अस्थिमज्जेच्या पेशी रुग्णांना देऊन पाहिल्या. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्येही असे अभ्यास झाले. लहान चाचण्यांत पंपिंग दोन-चार टक्क्यांनी वाढल्याचे दिसे आणि चाचणी मोठी व काटेकोर झाली की तो फरक विरून जाई. झटक्यानंतर स्वतःच्या अस्थिमज्जेच्या पेशी दिल्याने मृत्यू कमी होतात का, हे एकदाचे ठरवण्यासाठी युरोपात बामी नावाची चाचणी योजली गेली. तिला ३,००० रुग्ण हवे होते, मिळाले फक्त ३७५. आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालातून कोणताही निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. दात्याच्या पेशी थेट हृदयाच्या स्नायूत टोचणाऱ्या ड्रीम-एचएफ या पाचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, २०२३ च्या अहवालानुसार, हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदयाचे पंपिंग अपुरे पडल्यामुळे, पुन्हा पुन्हा दाखल व्हावे लागणे कमी झाले नाही. आणि हेच त्या चाचणीचे मुख्य उद्दिष्ट होते. सिनसिनाटीच्या जेफ्री मॉल्केंटिन यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांवर जे दाखवले ते तर फार बोलके आहे. हृदयात जिवंत पेशी टोचल्या काय किंवा मेलेल्या टोचल्या काय, लाभ सारखाच दिसला. कारण तो लाभ पेशींमुळे नव्हे, तर टोचण्याने जागृत झालेल्या प्रतिकारसंस्थेमुळे व्रणाच्या कडा बदलल्याने होत होता. हे शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे आणि त्यातून उद्या एखादे साधे औषधही निघेल. पण ‘तुमच्या पेशी नवे हृदय घडवतात’ या वाक्याला त्यातून काहीही आधार मिळत नाही.

समुपदेशकांचा दुसरा आधार म्हणजे रुग्णांच्या इको रिपोर्टांची एक फाइल. उपचारापूर्वी पंपिंग २८, नंतर ३६. आधी ३०, नंतर ४०. असे कागद एकामागून एक त्यांनी दाखवले. हे रिपोर्ट खरे नसतील असे मी म्हणत नाही. झटक्यात हृदयाचा काही स्नायू मरतो आणि त्याच्या शेजारचा काही स्नायू जिवंत असूनही काही काळ स्तब्ध राहतो. रक्तपुरवठा सुरू झाला की पुढच्या काही आठवड्यांत तो पुन्हा काम करू लागतो. म्हणजे वेळेवर स्टेंट बसलेल्या कित्येक रुग्णांचे पंपिंग काहीही वेगळे न करता वाढते. त्याच काळात औषधांचा परिणाम सुरू झालेला असतो. शिवाय एकाच रुग्णाचा इको दोन वेगळ्या तंत्रज्ञांनी केला तरी पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. या सगळ्यातून पेशींचा वाटा वेगळा काढायचा असेल, तर तशाच दुसऱ्या रुग्णांना पेशी न देता तेवढेच दिवस त्यांची नोंद ठेवावी लागते, आणि इको वाचणाऱ्याला कोणाला काय दिले हे माहीत नसावे लागते. असा गट केंद्राकडे आहे का, असे मी विचारले. ‘आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही उपचार देतो’ असे उत्तर मिळाले, आणि ते अभिमानाने दिले गेले. ज्यांचे पंपिंग वाढले नाही किंवा जे पुन्हा दाखल झाले, त्यांचे कागद त्या फाइलीत नव्हते.

तिसरा आधार परदेशाचा होता. ‘जपान आणि जर्मनीत हे नेहमीचे झाले आहे’ असे आम्हाला सांगण्यात आले. जपानमध्ये आणि जर्मनीत हृदयावर खरोखर मोलाचे काम चालू आहे. ते काय आहे हे जाणून घेतल्यावर सांगलीत जे विकले जात होते त्याच्याशी त्याचा संबंध फारच थोडा उरतो. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मागे नेऊन त्यांच्यात भ्रूणपेशींसारखी, कोणत्याही प्रकारची पेशी बनण्याची क्षमता आणली. या आयपीएस पेशींसाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासह त्यांना मिळाले. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयाच्या खऱ्याखुऱ्या, ठोके देणाऱ्या स्नायुपेशी वाढवता येतात. ओसाका विद्यापीठात योशिकी सावा यांच्या गटाने या पेशींचे पातळ पापुद्रे करून जानेवारी २०२० मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या हृदयावर ते बसवले. छाती उघडून, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देऊन आणि आठ रुग्णांच्या चाचणीचा भाग म्हणून. त्या चाचणीनंतर एप्रिल २०२५ मध्ये संबंधित कंपनीने जपान सरकारकडे परवानगीसाठी अर्ज केला. टोकियोतील केओ विद्यापीठाचे केइची फुकुदा यांचा मार्ग आणखी वेगळा आहे. तेथे पेशींचे सूक्ष्म गोळे करून ते हृदयाच्या भिंतीत सोडले जातात.

जर्मनीतील ग्योटिंगेनचे वोल्फ्राम-हुबर्टुस त्सिमरमान यांचे काम मला सर्वांत आश्वासक वाटते. त्यांचा गट आयपीएस पेशींपासून बनवलेल्या स्नायुपेशी आणि संयोजी ऊतीच्या (आधार देणाऱ्या) पेशी कोलॅजन या प्रथिनात मिसळून हृदयस्नायूचे प्रत्यक्ष ठिगळ तयार करतो आणि ते दुबळ्या भिंतीवर शिवतो. आधी हे माकडांवर करून पाहिले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात ४६ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद आहे. तिच्या हृदयावर दहा ठिगळांमधून ४० कोटी पेशी बसवल्या होत्या. तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले, तेव्हा काढलेल्या जुन्या हृदयाचा अभ्यास करता आला आणि ठिगळातील स्नायू जिवंत असून त्यात रक्तवाहिन्या शिरल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तिचा उपचार मुळात प्रत्यारोपणाची वाट पाहण्याच्या काळापुरता योजलेला होता, आणि हे गटाने लपवले नाही. एका माणसाच्या हृदयातील पुरावा मिळवायला त्यांना प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर किती वर्षे द्यावी लागली, हे पाहिले की कमरेच्या हाडातून सकाळी पेशी काढून संध्याकाळी घरी पाठवणाऱ्या सेवेने त्यांचे नाव घेणे मला सहन होत नाही.

या खऱ्या संशोधनाला धोक्यांचीही जाणीव आहे. मरी यांच्या गटाने २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात प्रत्येकी सुमारे एक अब्ज मानवी स्नायुपेशी सोडल्या. पेशी रुजल्या, आजूबाजूच्या स्नायूशी विद्युतदृष्ट्या जोडल्या गेल्या, आणि माकडांच्या ठोक्यांत गंभीर अनियमितता आली. ती टाळण्यासाठी पेशींत कोणते बदल करावे लागतील यावर तो गट अजून काम करत आहे. इटलीचे माउरो जाका यांच्या गटाने २०१९ मध्ये डुकरांच्या हृदयातील पेशी एका सूक्ष्म आरएनएच्या, म्हणजे जनुकांचे काम नियंत्रित करणाऱ्या छोट्या रेणूच्या, मदतीने पुन्हा विभाजित करून दाखवल्या. महिन्याभरात व्रण लहान झाला आणि पंपिंग सुधारले. पण विभाजन थांबवण्याची सोय नसल्याने पुढे त्यांतील बहुतेक डुकरे ठोक्यांच्या बिघाडाने अचानक मेली. या गटांनी आपल्या निबंधांत हे स्पष्ट लिहिले आहे. आमच्या समुपदेशकांनी मात्र ‘शून्य धोका’ असे सांगितले आणि पेशी दिल्यानंतर होल्टर लावून ठोक्यांची नोंद ठेवण्याची कोणतीही योजना त्यांच्याकडे नव्हती. अस्थिमज्जेच्या पेशींनी ठोक्यांचा असा बिघाड सहसा होत नाही, हे खरे आहे; त्या स्नायूच बनत नाहीत, तर ठोक्यात गोंधळ कशाने करतील? परंतु हाडात सुई घालणे, पेशी हाताळताना जंतू शिरणे, परक्या पेशींवर शरीराने तीव्र प्रतिक्रिया देणे आणि या सगळ्याच्या नादात चालू औषधे सुटणे, हे धोके राहतातच.

आता कागदपत्रांविषयी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याबाबतीत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा इतर कोणताही वापर मान्यताप्राप्त उपचार मानलेला नाही. तो फक्त रीतसर परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीत करता येतो. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत असावी लागते, स्टेम सेल संशोधनाच्या संस्थात्मक समितीची आणि नीतिसमितीची संमती लागते. चाचणीत सामील होणाऱ्याकडून पेशींचे पैसे घ्यायचे नसतात, आणि वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. हृदयरोग बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी घातलेल्या जाहिरातींच्या यादीतच येते. मी सीटीआरआयचा क्रमांक मागितला. तो मिळाला नाही, त्याऐवजी आयएसओ प्रमाणपत्राची फ्रेम दाखवण्यात आली. संमतीपत्र फक्त इंग्रजीत होते आणि आक्का-दाजींना ते वाचता येत नव्हते. त्याच्या तिसऱ्या पानावर, हा उपचार प्रायोगिक असून परिणामाची हमी नाही, असे लिहिलेले होते. पाऊण तासाच्या गोड बोलण्यात हे एकदाही आले नव्हते. पावतीवर उपचाराचे नाव नव्हते, ‘सल्ला व प्रक्रिया शुल्क’ एवढेच होते.

पैसे हीच येथे खरी कसोटी आहे, असे माझे मत झाले आहे. प्रायोगिक गोष्ट असेल तर रुग्ण संशोधकाला मदत करतो आणि त्याचा खर्च संशोधकाने करायचा असतो. सिद्ध झालेला उपचार असेल तर त्याचा पुरावा दाखवून योग्य ती किंमत घ्यायची असते. कागदावर प्रयोग म्हणायचे आणि टेबलावर उपचार म्हणून साडेतीन लाख मागायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कोणालाही करता येऊ नयेत. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णसेवा सुरू केल्यापासून कोकणापासून उत्तर कर्नाटकापर्यंतची माणसे उपचारासाठी या जुळ्या शहरांकडे डोळे लावून येतात. पिढ्यानपिढ्यांच्या कामातून जमलेली ही पुण्याई आहे आणि तिचा असा वापर होऊ देणे आपल्या जिल्ह्याला परवडणारे नाही.

आम्ही नावनोंदणी केली नाही. मिरजेतील ज्या हृदयरोगतज्ज्ञांनी स्टेंट बसवला होता, त्यांच्याकडे सगळी फाइल घेऊन गेलो आणि आणखी काही करता येईल का असे विचारले. त्यांनी औषधांची यादी पाहिली, तेव्हा हार्ट फेल्युअरच्या चार प्रमुख औषधांपैकी दाजींना दोनच चालू होती आणि त्यांतील एक अगदी लहान डोसात, असे लक्षात आले. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन हे संयुक्त औषध २०१४ मध्ये ८,४०० रुग्णांच्या चाचणीत जुन्या औषधाशी ताडून पाहिले गेले होते आणि हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे दाखल होण्याचा एकत्रित धोका त्याने पाचव्या हिश्श्याने कमी केला होता. मूळ मधुमेहाचे असलेले डॅपाग्लिफ्लोझिन २०१९ मध्ये ४,७०० हून अधिक रुग्णांत, मधुमेह नसलेल्यांतही, हार्ट फेल्युअर बिघडण्याचा किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी करणारे ठरले. दोन्हींचे पेटंट संपल्यामुळे आता अनेक भारतीय कंपन्या ती बनवतात आणि किमती पूर्वीपेक्षा बऱ्याच उतरल्या आहेत. रक्तदाब आणि पोटॅशियम तपासत डोस हळूहळू वाढवला, जेवणातले मीठ कमी केले, लोणचे-पापड बंद केले, आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम सुरू झाला. काही महिन्यांनी इकोमध्ये पंपिंग ३८ टक्के आले. वर इकोच्या मर्यादेविषयी जे लिहिले ते या आकड्यालाही लागू आहे, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही. दाजी आता बागेतली फेरी न बसता पूर्ण करतात आणि एका उशीवर झोपतात. तीन महिने पूर्ण औषधे घेऊनही पंपिंग ३५ च्या वर गेले नसते, तर अचानक ठोके बिघडण्याच्या धोक्यापासून संरक्षण देणारे आयसीडी यंत्र बसवण्याचा विचार करावा लागला असता, असे डॉक्टरांनी सांगितले. साडेतीन लाख रुपये आधीच गेले असते तर त्या यंत्राचा खर्च कोठून आणला असता, हा विचार आक्काच्या मनात त्या क्षणी आला असणार.

अशा केंद्राकडे जाण्याचा विचार करत असलेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे की पैसे भरण्यापूर्वी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक लेखी मागावा आणि तो नोंदणीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावा. तेथे चाचणी कोण करते, कोठे करते आणि परवानगी कोणाची आहे हे कोणालाही विनामूल्य वाचता येते. संमतीपत्र मराठीत मागावे आणि ते घरी नेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. चालू गोळ्यांपैकी एकही बंद करण्यास कोणी सांगितले तर तेथून उठून यावे. ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी पावती, पत्रक आणि संमतीपत्राची प्रत जपून ठेवावी. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, अन्न व औषध प्रशासन आणि जिल्हा ग्राहक आयोग येथे तक्रार करताना ती लागतील.

स्वच्छता, वेळेचे पालन आणि बोलण्यातील सौजन्य यांसाठी या केंद्राला मी चांगले गुण देईन. हृदयावरील उपचार म्हणून त्याला एकही गुण देता येत नाही. उद्या याच केंद्राने, किंवा मिरजेतील एखाद्या संस्थेने, नोंदणीकृत चाचणी सुरू केली, तिचे संमतीपत्र मराठीत दिले, रुग्णाकडून रुपयाही घेतला नाही आणि पेशी न दिलेल्या रुग्णांची नोंदही तितक्याच काळजीने ठेवली, तर दाजींना त्यात सामील व्हायचे की नाही हे आम्ही घरी बसून गांभीर्याने ठरवू. दाजींनी तसे सांगून ठेवले आहे, आणि त्यांच्या त्या निर्णयाला माझा पाठिंबा राहील.